ओव्या, भारुडं, काकडा: रेकॉर्डिंगची माहिती फाइलच्या आतच कशी लिहून ठेवावी

मराठवाड्यात आज असं घर विरळाच, जिथं कुणाच्या तरी फोनमध्ये आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या सप्त्यातलं कीर्तन, नाहीतर नाथषष्ठीला पैठणला निघालेल्या दिंडीचा व्हिडिओ नाही. रेकॉर्डिंग भरपूर आहेत. पण त्यातलं हवं ते काढून द्या म्हटलं, की अंगठा नुसता वर-खाली फिरत राहतो. फाइलचं नाव काय, तर एयूडी, पुढं तारखेचे आठ आकडे, मग डब्ल्यूए आणि आणखी चार आकडे. कोण गातंय, कुठल्या गावचं, कोणत्या सालचं, काहीच कळत नाही. ज्यानं रेकॉर्ड केलं त्याला आठवतंय तोवर ठीक. त्यानं फोन बदलला किंवा तो कामाला पुण्याला गेला, की ते रेकॉर्डिंग निनावी झालं.

ही सगळी माहिती फाइलच्या आत लिहिता येते. गाण्याच्या, फोटोच्या आणि व्हिडिओच्या फाइलीत त्यासाठी जागा ठेवलेलीच असते. तिथं लिहिलेल्या मजकुराला मेटाडेटा म्हणतात. त्यातला काही भाग यंत्र आपण होऊन भरतं: तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. उरलेला भाग माणसानं भरायचा असतो, आणि माझ्या मते तोच मोलाचा आहे. गाणाऱ्या बाईचं माहेर कुठलं हे कोणताही फोन सांगणार नाही.

हा लेख गावातल्या, कॉलेजातल्या, भजनी मंडळातल्या अशा मुलामुलींसाठी आहे ज्यांच्याकडं साधा कॉम्प्युटर आहे आणि असं काम कधी केलेलं नाही. इथं सांगितलेले सगळे प्रोग्राम मोफत आहेत, आणि नुसते मोफत नाहीत तर मुक्त आहेत. म्हणजे त्यांचा कोड उघडा आहे, ते कितीही जणांना वाटता येतात, मुदत संपली म्हणून बंद पडत नाहीत. पायरेटेड सीडीतून व्हायरस आणण्यापेक्षा हे केव्हाही बरं. फक्त उतरवून घेताना प्रोग्रामच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शोधात वर येणाऱ्या, मोठ्या हिरव्या बटणांच्या साइटींवर जाऊ नका.

सगळ्यात आधी: प्रत

मेटाडेटा लिहिणं म्हणजे फाइलमध्ये बदल करणं. म्हणून मूळ फाइलींना हात लावायचा नाही. 'मूळ' नावाचा एक फोल्डर करा, फोनमधलं सगळं त्यात यूएसबी केबलनं उतरवा, आणि त्याची पूर्ण प्रत 'काम' नावाच्या फोल्डरमध्ये घ्या. काम फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये. आपल्याकडं फाइल सेव्ह होता होता लाइट जाते. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसेल तर अर्धवट लिहिलेली फाइल उघडतच नाही असं होऊ शकतं. मूळ प्रत बाजूला असली की जीव घाबरत नाही.

फोनमधून कॉम्प्युटरवर फाइली व्हॉट्सॲपनं पाठवू नका. का ते पुढं येईल.

आत आत्ता काय आहे ते बघा

काहीही इन्स्टॉल न करता सुरुवात करता येते. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि त्यातलं डिटेल्स हे पान. तिथं दिसतं ते सगळं नसतं, पण पहिली ओळख होते.

एक गोष्ट इथंच समजून घ्या, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल. फोल्डरमध्ये फाइलसमोर जी तारीख दिसते ती डिस्कवरच्या फाइलची असते. पेनड्राइव्हवर कॉपी केली की 'तयार केल्याची तारीख' आजची होते. फाइलच्या आत कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख मात्र कॉपी करून बदलत नाही. आपल्याला हवी असते ती आतली.

आतलं सगळं वाचायला दोन प्रोग्राम ठेवा. ऑडिओ-व्हिडिओसाठी मीडियाइन्फो. फाइल उचलून त्याच्या खिडकीत टाकली की लांबी, कोडेक (आवाज-चित्र साठवायची पद्धत), बिटरेट आणि फ्रेमरेट (दर सेकंदाला किती डेटा, किती चित्रं), तारीख, टॅग (माहिती लिहायचे रकाने) सगळं समोर येतं. व्ह्यू या मेनूत ट्री निवडा, वाचायला सगळ्यात सोपं ते. आणि फोटोंसाठी एक्झिफटूल. फिल हार्वे यांनी हा प्रोग्राम २००३ पासून सांभाळलेला आहे, आणि या क्षेत्रात त्याच्याइतकं खोल वाचणारं दुसरं काही नाही असं मी खात्रीनं सांगेन. तो आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्राम आहे, त्यामुळं नवखी मंडळी बिचकतात. पण विंडोजवर नुसतं बघायचं असेल तर टाइप करावं लागत नाही. झिप उघडली की नावाच्या शेवटी कंसात वजा चिन्ह आणि के हे अक्षर असलेली एक एक्झी फाइल मिळते. सोबतच्या फोल्डरसकट ती डेस्कटॉपवर ठेवा. कोणताही फोटो ओढून तिच्या आयकॉनवर सोडा. काळी खिडकी उघडते आणि फोटोच्या पोटात असलेली ओळ न् ओळ दिसते. वाचून झालं की एंटर दाबायचं. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये प्रोग्रामचं नाव लिहून, एक जागा सोडून, फाइल त्याच खिडकीत ओढून आणावी आणि एंटर दाबावं.

काकड्याची तारीख एक दिवस मागं का दिसते

कार्तिकातल्या काकड्याचा व्हिडिओ तुम्ही पहाटे पाचला काढला, आणि मीडियाइन्फोत त्याची तारीख आदल्या दिवसाची, वेळ रात्री साडेअकराची दिसते. फोन बिघडलेला नाही. बहुतेक फोन व्हिडिओच्या फाइलीत वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहितात. तिथं शेजारी यूटीसी ही अक्षरं दिसतील. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढं. त्यामुळं पहाटे साडेपाचच्या आधीचं जे जे चित्रण आहे, काकडा, जागराचं भजन, रात्रभर चाललेलं भारूड, त्याची तारीख यूटीसीत एक दिवस मागं जाते.

फोटोंचं तसं नाही. फोटोत सहसा घड्याळाचीच वेळ असते. घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेचं होतं हे सांगणारा वेगळा रकाना एक्झिफ या, फोटोतली माहिती लिहायच्या मानकात २०१६ साली आला. जुन्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत तो नाहीच. म्हणून एकाच कार्यक्रमाचे फोटो आणि व्हिडिओ तारखेनं लावायला गेलात तर ते एकमेकांत मिसळत नाहीत. व्हिडिओची आतली वेळ बदलू नका, ती बरोबरच आहे. फाइलला नाव देताना मात्र साडेपाच तास मिळवून आलेली आपली तारीख वापरा.

ऑडिओ: किड-थ्रीवर बसून करायचं खरं काम

गाण्यांच्या फाइलींसाठी किड-थ्री घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड, चारही ठिकाणी चालतो. एमपी३, एम४ए, ओग, ओपस, फ्लॅक, वेव्ह, सगळ्यांचे टॅग लिहितो. एमपी३टॅग नावाचा दुसरा एक प्रोग्राम पुष्कळांना माहीत असतो. तो चांगला आहे, विंडोजवर मोफतही आहे, पण त्याचा कोड खुला नाही.

उघडल्या उघडल्या एक सेटिंग करून टाका. सेटिंग्ज मेनूत कॉन्फिगर किड-थ्री, त्यात टॅग्ज, त्यात टॅग २. तिथं टेक्स्ट एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून यूटीएफ१६ आणि आवृत्ती म्हणून आयडी३ (एमपी३ फाइलीच्या टॅगची पद्धत) व्ही२.३ निवडा. व्ही२.४ नवी आहे, पण गाडीतले आणि जत्रेतल्या स्पीकरचे जुने प्लेअर २.३ जास्त नीट वाचतात.

आता 'काम' फोल्डर उघडा. डावीकडं फाइलींची यादी, उजवीकडं रकाने. रकान्यांचे गट दिसतील: टॅग १, टॅग २. टॅग १ ही १९९६ सालची जुनी पद्धत. फाइलच्या शेवटी अवघ्या १२८ बाइटची जागा, त्यात शीर्षकाला ३०. देवनागरी त्यात मावतही नाही आणि बसतही नाही, प्रश्नचिन्हांची रांग उमटते. टॅग १ रिकामाच सोडा. त्यात आधीचा कचरा असेल तर रिमूव्ह दाबून काढून टाका. सगळं काम टॅग २ मध्ये.

कोणत्या रकान्यात काय लिहायचं, यावर मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. टॅगची ही व्यवस्था बाजारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांसाठी झालेली आहे. आपली ओवी, आपलं भारूड तिच्यात बसवताना थोडा विचार करावा लागतो.

समजा, जात्यावरच्या ओव्यांचं एक रेकॉर्डिंग आहे. टायटलमध्ये 'ओवी' एवढंच लिहून भागत नाही, कारण फोल्डरमधली प्रत्येक फाइल ओवीच आहे. ओवी कशावर आहे ते लिहा: 'जात्यावरच्या ओव्या, भाऊ-बहीण', 'जात्यावरच्या ओव्या, पंढरीची वाट'. आर्टिस्टमध्ये गाणारीचं पूर्ण नाव. 'आज्जी' किंवा 'मोठी माय' लिहू नका, तुमची आज्जी दुसऱ्याची कुणी नाही. दोघी गात असतील तर दोघींची नावं. अल्बममध्ये संग्रहाचं नाव, उदाहरणार्थ गावाचं नाव आणि 'ओवीसंग्रह'. डेटमध्ये फक्त साल. पूर्ण तारीख कमेंटमध्ये लिहा, तिथं ती कोणत्याही प्लेअरमध्ये शाबूत राहते.

कमेंटचा रकाना कंजुषी न करता भरा. सासरचं गाव, माहेरचं गाव, तालुका, जिल्हा, अंदाजे वय, ओवी कुणाकडनं शिकली, कुणी आणि कशावर रेकॉर्ड केलं. माहेर विसरायचं नाही, कारण बाई ओव्या घेऊन येते त्या बहुधा माहेरून. परभणी जिल्ह्यात गंगाखेडला रेकॉर्ड झालेली ओवी मुळात केज तालुक्यातली असू शकते. हे विचारायची वेळ रेकॉर्डिंग थांबवलं त्याच क्षणी असते. "मावशी, ही ओवी तुमच्याकडं कुणी म्हणायचं?" एवढं विचारून फोन चालूच ठेवा. उत्तर रेकॉर्डिंगमध्येच येतं, नंतर ऐकून टॅगमध्ये लिहिता येतं.

ओवीचे शब्द लिहून काढले असतील तर ते लिरिक्समध्ये. हा रकाना आधी दिसत नाही. टॅग २ शेजारी ॲड नावाचं बटण आहे, तिथून घ्यायचा. शब्द जसे म्हटले तसेच लिहा, 'शुद्ध' करू नका.

भारूड आणि कीर्तनात आणखी एक गोष्ट येते. नाथांचं भारूड गावातल्या सोंगाड्यानं म्हटलं, तर आर्टिस्ट कोण? तो म्हणणारा. संत एकनाथ हे कंपोझरच्या रकान्यात. उलट केलं तर सगळ्या जिल्ह्याची भारुडं एकाच 'गायका'च्या नावावर जमा होतात, आणि ज्यानं गळा दिला त्याचं नाव कुठंच उरत नाही. कीर्तनात कीर्तनकार आर्टिस्टमध्ये, निरूपणाला घेतलेला अभंग टायटलमध्ये, अभंगाचे संत कंपोझरमध्ये, गावचं मंडळ अल्बम आर्टिस्टमध्ये. पखवाज कुणाचा, चाल कुणी धरली, पेटीवर कोण होतं, ही नावं कमेंटमध्ये आलीच पाहिजेत. मागं उभ्या असलेल्या टाळकऱ्यांची नावं कुठल्याही पत्रिकेवर छापलेली नसतात.

वीस फाइली एकाच सप्त्यातल्या असतील तर प्रत्येकीत गावाचं नाव परत परत टाइप करू नका. यादीत सगळ्या एकदम निवडा. रकान्याच्या आधी छोटा चौकोन असतो. ज्यात खूण असेल तेवढाच रकाना सगळ्या निवडलेल्या फाइलींना लागू होतो. अल्बम, डेट, अल्बम आर्टिस्ट असे सामायिक रकाने आधी भरून घ्या, सेव्ह करा, मग एकेक फाइल घेऊन टायटल आणि आर्टिस्ट भरा. सेव्ह करेपर्यंत काहीच पक्कं होत नाही, आणि तोवर रिव्हर्ट केलं की पूर्ववत होतं.

जुन्या फोनवरची एएमआर ही फाइल टॅग घेत नाही. तिची मूळ प्रत तशीच ठेवायची आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये उघडून फ्लॅक प्रकारच्या फाइलीत एक्स्पोर्ट करायची. ऑडॅसिटीला एएमआर वाचता येण्यासाठी एफएफएमपेग ही लायब्ररी वेगळी बसवावी लागते. कॅसेटवरून उतरवतानाही फ्लॅकच घ्या. आवाजाचा दर्जा कमी होत नाही आणि त्याचे टॅग पहिल्यापासून युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींची अक्षरं सामावणाऱ्या पद्धतीत) असल्यामुळं मराठीला अडचण येत नाही.

मराठी अक्षरांच्या तीन अडचणी

पहिली, जुन्या सीड्यांतून आलेल्या भजनांची. टॅगमध्ये इंग्रजी अक्षरं आणि विचित्र चिन्हांची खिचडी दिसते. त्यातल्या पुष्कळ वेळा मजकूर खराब झालेला नसतो. कुणीतरी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, आणि तो फॉन्ट लावला तरच मराठी दिसतं. तो मजकूर कॉपी करून त्या फॉन्टच्या युनिकोड कन्व्हर्टरमध्ये टाका, आलेलं मराठी परत टॅगमध्ये चिकटवा. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत चुकतो, डोळ्यांखालून घालाच.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'गाणाऱ्या', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. तेच 'भारूड' आणि 'भारुड'चं. मंडळात जेवढे जण टॅग भरणार आहेत त्यांनी एकच कीबोर्ड ठरवावा आणि नेहमीच्या शब्दांची एक यादी कागदावर लिहून भिंतीला लावावी.

तिसरी, फाइलच्या नावाची. आत टॅग देवनागरीत, पण बाहेर फाइलचं नाव मात्र रोमन लिपीत ठेवा, असं माझं मत आहे. स्वस्त स्पीकर, गाडीतले प्लेअर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात, आणि विंडोजवर एक्झिफटूललाही अशी नावं खास सूचना दिल्याशिवाय सापडत नाहीत. नावात आधी साल, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग प्रकार. त्या क्रमानं लिहिलं की फोल्डर आपोआप तारीखवार लागतो. किड-थ्रीमध्ये टॅगवरून फाइलचं नाव आणि फाइलच्या नावावरून टॅग, दोन्ही करता येतं.

फोटोंसाठी डिजिकॅम

डिजिकॅम जड आहे, पण हजारो फोटो सांभाळायला त्याच्यासारखं मुक्त साधन नाही. पहिल्यांदा उघडला की तो काही प्रश्न विचारतो. फोटो कुठं आहेत, याला 'काम' फोल्डर दाखवा. पुढं एक प्रश्न येतो, माहिती फाइलींमध्ये लिहायची की नाही. तिथं आधीपासून 'काही करू नका' निवडलेलं असतं. ते बदलून 'फाइलींमध्ये माहिती लिहा' करा. हे राहिलं, तर तुम्ही महिनाभर टाकलेली नावं आणि गावं फक्त डिजिकॅमच्या डेटाबेसमध्ये राहतात. फोटो पेनड्राइव्हवर दिला की सोबत काहीच जात नाही. नंतर बदलायचं तर सेटिंग्जमध्ये मेटाडेटाचं पान आहे. गूगल फोटोजमध्ये टाकलेल्या वर्णनांचंही हेच होतं. ती फोटोच्या फाइलीत लिहिली जात नाहीत, सगळं उतरवून घेतलं तर वेगळ्या फाइलीत येतात.

उजव्या कडेला कॅप्शन्सचं पान आहे. तिथं शीर्षक, वर्णन आणि टॅग. टॅग एकाखाली एक लावता येतात: ठिकाण, त्याखाली जिल्हा, त्याखाली तालुका, त्याखाली गाव.

घरातल्या जुन्या कागदी फोटोंना इथं खास लक्ष द्यावं लागतं. १९८५ चा लग्नातला फोटो आज स्कॅन केला तर आत आजची तारीख बसते. एक्झिफमध्ये दोन वेगळे रकाने आहेत, एक मूळ चित्र कधी टिपलं त्याचा, दुसरा ते डिजिटल कधी झालं त्याचा. आयटम मेनूतल्या मेटाडेटा बदलण्याच्या खिडकीत पहिल्यात मूळ तारीख लिहा, दुसऱ्यात स्कॅनची राहू द्या. दिवस माहीत नसेल तर साल बरोबर घालून १ जानेवारी टाका आणि वर्णनात 'तारीख अंदाजे' असं स्पष्ट लिहा.

साल कुणाला आठवत नाही, प्रसंग आठवतात. त्यांचा उपयोग करा. लातूर-धाराशिवकडं विचारायचं, "हा किल्लारीच्या भूकंपाच्या आधीचा का नंतरचा?" भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, ते त्या भागात कुणी विसरलेलं नाही. आणि तिथले फोटो असतील तर 'जुनं गाव' की 'पुनर्वसित गाव' हे लिहिल्याशिवाय राहू नका. नाव तेच, जागा वेगळी. जुन्या गावातल्या वाड्याचा फोटो नव्या गावाच्या अक्षांश-रेखांशावर बसवला तर तो खोटा पुरावा होतो.

गाव कोणत्या जिल्ह्यातलं

मराठवाड्यात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जालना जिल्हा १९८१ साली औरंगाबादमधून निघाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादमधून, हिंगोली १९९९ साली परभणीतून. २०२३ पासून औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबाद धाराशिव. अंबाजोगाई निजामाच्या राज्यात मोमिनाबाद होतं. म्हणजे १९७८ च्या कॅसेटवर 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं असेल, तर ते गाव आज लातूर जिल्ह्यात असू शकतं.

कॅसेटवर किंवा फोटोमागं जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं वर्णनात उतरवा. आजचा तालुका-जिल्हा टॅगमध्ये लावा. जुनं नाव हाही एक टॅग ठेवा, म्हणजे कोणत्याही नावानं शोधलं तरी सापडतं. अक्षांश-रेखांश मात्र नाव बदललं म्हणून हलत नाहीत, म्हणून जमेल तिथं तेही घाला. डिजिकॅममध्ये आयटम मेनूत जिओलोकेशन बदलायची खिडकी आहे, नकाशावर फोटो ओढून सोडायचा. आकडे हातानं भरत असाल तर एक पडताळा: लातूर शहर साधारण १८.४ उत्तर, ७६.६ पूर्व आहे. मराठवाड्यात कुठंही असलात तरी पहिला आकडा विशीच्या आसपास आणि दुसरा पंचाहत्तरच्या आसपास. उलटे पडले तर तुमच्या गावची जत्रा आर्क्टिक समुद्रात भरते.

पिकार्डबद्दल थोडं

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड गाणं ऐकून त्याच्या ठशावरून टॅग स्वतः भरतो. छापील सीडीतली, कंपनीनं काढलेली गाणी असतील तर वापरा. गावातल्या रेकॉर्डिंगवर तो चालवू नका. त्याच्या कोठारात तुमची मावशी नाही. सापडलं तरी चुकीचं सापडेल, आणि सेव्ह केलं तर तुम्ही भरलेल्या माहितीवर ते लिहिलं जाईल.

व्हॉट्सॲपनं काय जातं

फोटो म्हणून पाठवलेल्या फोटोतून व्हॉट्सॲप कॅमेऱ्याची तारीख, लोकेशन सगळं काढून टाकतं आणि फोटो लहानही करतं. फाइलच्या नावात राहते ती व्हॉट्सॲपवर आल्याची तारीख, फोटो काढल्याची नाही. मूळ माहितीसकट पाठवायचं असेल तर जोडणीच्या खुणेतून डॉक्युमेंट निवडून पाठवा. फाइल जशीच्या तशी जाते. मंडळाच्या ग्रुपवर ही एक सूचना वर पिन करून ठेवलीत तरी निम्मं काम होतं.

तुमच्याकडं आलेली फाइल आधीच अशी धुऊन आलेली असेल, तर पाठवणाऱ्याला फोन करा. मूळ फाइल त्याच्या फोनमध्ये अजून असू शकते.

काय बाहेर जाऊ द्यायचं नाही

घरात बसून गाणाऱ्या बाईचं रेकॉर्डिंग, लहान लेकरांचे फोटो, शेतातल्या एकट्या घराचा फोटो, यांत लोकेशन असतं आणि ते अंगणापर्यंत नेमकं असतं. संग्रहाच्या प्रतीत ते ठेवा. बाहेर वाटायची प्रत वेगळी काढा आणि तिच्यातून काढून टाका. विंडोजमध्ये प्रॉपर्टीज, डिटेल्स, त्याच्या तळाशी माहिती काढून टाकण्याचा दुवा आहे. त्यात 'माहिती काढलेली प्रत तयार करा' हा पर्याय घ्या, म्हणजे हातातली फाइल तशीच राहते. लिनक्सवर मॅट२ हा प्रोग्राम हे काम करतो. अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या कोठारातून स्क्रॅम्बल्ड एक्झिफ हे ॲप घेता येतं.

आणि गाणाऱ्याला विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकू नका. परवानगी दिली की नाही, कशासाठी दिली, नाव लावायला हरकत आहे का, हे कमेंटमध्ये लिहा. दहा वर्षांनी ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला हे कळायला दुसरा मार्ग नाही. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून टेप केलेला कार्यक्रम असेल तर तसंच स्पष्ट लिहा. तो तुमचा नाही, घरात ऐकायला ठेवणं वेगळं आणि चॅनेलवर टाकणं वेगळं.

यादी आणि तपासणी

काम संपलं की किड-थ्रीमधून एक्स्पोर्ट करून सगळ्या टॅगांची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) यादी काढा. ती लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडताना कॅरेक्टर सेट विचारला जातो, तिथं युनिकोड यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीचा चिवडा होतो. या यादीत रिकामे रकाने एका नजरेत दिसतात. आर्टिस्ट कुठं राहिला, गाव कुठं राहिलं, ते बघून ज्याला विचारायचं त्याला आजच विचारा. वयस्कर माणसांची नावं आधी घ्या.

मग पेनड्राइव्हवर दोन-चार फाइली टाकून दुसऱ्याच्या फोनवर आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये उघडून बघा. कॉम्प्युटरवर टूल्स मेनूत मीडिया इन्फर्मेशन आहे. तिथं नाव, गाव, साल देवनागरीत दिसलं तर लिहिलेलं फाइलमध्ये गेलं. दिसलं नाही, तर किड-थ्रीत परत जाऊन माहिती टॅग १ मध्ये तर भरली नाही ना, एवढं पहिल्यांदा तपासा. बहुतेक वेळा तेच निघतं. सगळं जुळलं की 'काम' फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. 'मूळ' फोल्डर त्यानंतरही पुसू नका.